सोमवारची बाटली

जोमादादा,

तुझ्या दहाव्याला मी तुझी आणि माझी, दोघांचीही शोभा केली. ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल.

घाटाच्या खालच्या पायरीवर आम्ही सगळे ओळीनं उभे होतो. भटजींनी ओंजळीत पाणी घ्यायला लावलं, वर तीळ टाकले आणि तुझं नाव घेऊन पाणी सोडा म्हणाले. सगळ्यांनी सोडलं. मी ओंजळ तोंडाशी नेली आणि पाण्याला जीभ लावली. मुद्दाम नाही रे. सोळा वर्षं दर सोमवारी त्याच पायरीवर तुझ्याशेजारी उभा राहिलेलो. तिथलं पाणी हातात आलं की ते जिभेला लागणार, ही खोडच होऊन बसलेली. तीळ दातात अडकले. तुझा चुलतभाऊ वसकला, "अवो बाटलीसायेब, पानी सोराचा हाय, पियाचा नाय." मागे कोणीतरी फिसकन हसलं. भटजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की आता ह्याचीही सोय लवकरच बघावी लागणार.

हिरावहिनी मात्र हसल्या नाहीत. तुझ्याबरोबर संसार केलेली बाई ती, तिला तुझा सोमवार ठाऊक. वरच्या पायरीवर बसलेल्या, तिथूनच त्यांनी विचारलं, "कसा हाय?"

"मचूळ," मी म्हणालो.

मग घाटावर कोणीच हसलं नाही. कार्तिक नुकता लागलेला. पावसाळ्यानंतर तिथलं पाणी होळीपर्यंत गोडं राहायचं, हे मला तूच शिकवलेलं. होळीनंतर ते मचूळ व्हायचं, धड गोडं नाही, धड खारं नाही, घशात रेंगाळणारं. या वर्षी दिवाळीच्या पणत्या अजून कोनाड्यात होत्या आणि खाडी पायरीशी येऊन बसलेली. तू असतास तर थुंकून म्हणाला असतास, "आली बग मावशी." खाऱ्या पाण्याला तू मावशी म्हणायचास. न बोलावता येते आणि जायचं नाव घेत नाही म्हणून.

अशा श्रद्धांजलीच्या लेखात जन्म कुठला, शिक्षण काय, मागे कोण कोण, हे लिहायचं असतं म्हणे. मला ते जमणार नाही. तुझं पूर्ण नाव मी चार वर्षांनी पगारपत्रकावर वाचलं आणि कारकुनाला विचारलं, हा कोण नवीन माणूस भरलाय.

पण आपलं काम काय होतं ते लिहायला हवं. कल्याणच्या वरच्या अंगाला, जिथं खाडी संपते आणि नदी सुरू होते, तिथं आमच्या खात्याची एक होडी होती आणि त्या होडीचा एक खलाशी. तो तू. ठाण्याच्या प्रयोगशाळेत एक सहायक होता. तो मी. दर सोमवारी सकाळी तू होडी मधल्या धारेत न्यायचास, बाटली भरायचास, बूच मारून वर लाख ओतायचास. मी तिच्यावर कागद चिकटवून आडवी सही ठोकायचो आणि ती मांडीवर घेऊन एस्टीनं शीळफाट्यावरून ठाण्यात खोपटला उतरायचो. प्रयोगशाळेत लाख फोडायची, पाण्यात मीठ किती ते काढायचं, नोंदवहीत लिहायचं. मीठ जसजसं वर सरकेल तसतसं वरच्या अंगाच्या विहिरींना आणि पंपांना आधी कळावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

पहिल्या सोमवारी मी नवीन पँट घालून आलेलो. उजवा पाय होडीत ठेवला, डावा पायरीवरच राहिला आणि होडी निघाली. तू मला कॉलरला धरून वर काढलंस. नाकातोंडातून पाणी येतंय, चष्मा खाडीला अर्पण झालाय, आणि तू अगदी शांतपणे विचारलंस, "बरा झाला, सायेब. आता चव सांगा."

"तुम्ही मला आधी कोरडं तर होऊ द्या," मी म्हणालो.

"तुमी काय तुमी? मी काय मामलेदार हाय? तू बोल."

त्या दिवसापासून तू. वयानं तू माझ्या काकाच्या बरोबरीचा. माझ्या आईला हे कळलं तेव्हा तिनं मला दोन दिवस ऐकवलं. पण तुला तुम्ही म्हटलं की तू मागं वळून पाहायचास, कोण आलंय बघायला.

तुझ्या जिभेवर माझा विश्वास नव्हता. मी रसायनशास्त्राचा पदवीधर, दुसऱ्या वर्गातला का होईना. तू बाटली भरण्याआधी ओंजळभर पाणी घ्यायचास. त्याआधी चहा नाही, मिश्री नाही, तंबाखू तर नाहीच. आधी ओठाला, मग जिभेच्या शेंड्याला, मग घशापाशी, आणि मग थुंकून निकाल. गोडं, मचूळ किंवा खारं. मी म्हणायचो, यात कारखान्यांचं रंगीत पाणी मिसळतं, एक दिवस जीभ गळून पडेल. तू म्हणायचास, "परली त तुज्या बाटलीत भरून ने."

मग ती पैज. घाटावरच्या पंपघरात तीन पेले. एकात नळाचं, एकात खाडीचं, एकात दोन्ही मिसळून. तू तिन्ही बरोबर ओळखलेस. मी नळाच्या पाण्याचा घोट घेऊन जाहीर केलं, हे शंभर टक्के मचूळ. सकाळी पोळीबरोबर लिंबाचं लोणचं खाऊन आलेलो, हे आठवलं तेव्हा उशीर झालेला. त्यानंतर पंपघरातले लोक मला बाटलीसायेब म्हणायला लागले, आणि सणावाराला हिरावहिनी माझ्यासाठी मुद्दाम लोणचं बांधून द्यायच्या. खोपट डेपोतला किस्सा तर तू लग्नाच्या पंगतीत सांगायचास. मी बाटलीची पेटी सीटखाली विसरून उतरलो, कंडक्टरनं लाख लावलेली बाटली पाहिली, हातभट्टी समजून कंट्रोलरकडे जमा केली. मी तिथं जाऊन सांगतोय की हे सरकारी पाणी आहे, आणि कंट्रोलर म्हणतोय, सगळे असंच सांगतात.

हे सगळं हसत हसत सांगता येतं. पुढचं येत नाही.

आपलं भांडण खरं कशावरून होतं, ते आज नीट मांडू. पाणी लवकर मचूळ होतंय, हे आपल्याला दोघांनाही दिसत होतं. होळीची मावशी एकदा महाशिवरात्रीला आली, एकदा संक्रांतीला. का, यावर आपलं जमत नव्हतं. मी म्हणायचो, वर धरणं झाली, रेती उपसून पात्र खोल झालं, शहर दुपटीनं पाणी ओढतंय, नदीला उरलंय काय खाली ढकलायला. तू मान हलवायचास. ते खरंच, पण तेवढंच नाही, असा तुझा हट्ट. "पाऊस बदललाय रं. आदी मुरायचा, आता धुतो. आठ दिसांत सगला सांडतो आनि मंग आबाल कोरा."

पुढं पेपरात यायला लागलं. पृथ्वी तापतेय, समुद्र चढणार, पावसाचं वेळापत्रक बिघडणार, उत्तरेतला बर्फ वितळणार, देशभरात नद्यांच्या मुखाशी खारं पाणी आत शिरणार. मी ते कात्रण मोठ्या ऐटीत तुला वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर वर म्हणालो, "पण दादा, समुद्र चढायला शंभर वर्षं लागतील."

तू होडीतलं पाणी डब्यानं उपसत होतास. मान वर न करता म्हणालास, "समिंदर चरला काय नि नदी उतरली काय, मचूल त मचूलच."

तेव्हा मी हसलो. विज्ञान असं नसतं म्हणालो. आता घरी डोंबिवलीत सकाळी नळाला पाणी आलं की पहिला घोट मी जिभेवर फिरवतो. बायको हंडे घेऊन मागे उभी असते. "तुमची चव बघून होईपर्यंत पाणी जाईल," ती म्हणते. मी बाजूला होतो. पण ती चहा करते तेव्हा मी तिच्या तोंडाकडे पाहत राहतो, पहिल्या घोटाला तिचा चेहरा बदलतो का म्हणून. हे वेड तू लावलंस आणि स्वतः निघून गेलास.

आणि आता सत्त्याऐंशीचा उन्हाळा.

आदल्या वर्षी पावसानं भाद्रपदातच गाशा गुंडाळलेला. फाल्गुनात ऊन असं, की शीळफाट्याला एस्टी थांबली की सीटचं रेक्झिन पाठीला चिकटून वर यायचं. मी कंटाळलेलो. प्रयोगशाळेत कामाची गर्दी, त्यात घरी नवा टीव्ही आलेला, संध्याकाळी लवकर पळायची घाई. एका सोमवारी तुझी बाटली घेतली, टेबलाखालच्या पेटीत ठेवली आणि नोंदवहीत मागच्या आठवड्याचाच आकडा थोडा इकडेतिकडे करून लिहिला. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. एकदा न केलेलं काम दुसऱ्यांदा न करणं फार सोपं जातं. असे सात सोमवार. नोंदवहीत पाणी गोडं राहिलं. तू मात्र प्रत्येक सोमवारी बाटली देताना सांगत होतास, "मचूल हाय रं, चांगलाच मचूल." आणि मी तुला म्हणत होतो, "बघतो, बघतो."

त्याच वैशाखात तुझ्या पाड्यावरची विहीर बिघडली. भात शिजेना, डाळ तर दिवसभर दगडासारखी. बायका हंडे घेऊन पंपघरावर आल्या. हिरावहिनी पुढे होत्या. मोठे साहेब आले, खुर्ची मागवली, माझी नोंदवही मागवली. पान उघडून त्यांनी बोट ठेवलं. "नदीचंच पाणी गोडं आहे, तर तुमच्या विहिरीत खारं कुठून येणार? विहीर साफ करून घ्या." टँकर मिळाला नाही. बायका परत गेल्या. तू होडीची दोरी हातात धरून उभा होतास.

साहेबांची जीप गेल्यावर तू माझ्याजवळ आलास.

"बाटली उघरलीस का रं?"

"उघडली ना," मी म्हणालो. "एकदम ठीक निघाली."

तू हातातली दोरी गुंडाळलीस. "मंग ठीक," म्हणालास आणि होडीकडे गेलास.

आता माझा गाढवपणा बघ, दादा. दर दोन महिन्यांनी रिकाम्या बाटल्यांची पेटी धुवायला तुझ्याकडे यायची. ती मी शिपायाच्या हाती पाठवून दिली आणि सात बाटल्या तिच्यात भरलेल्या आहेत हे पार विसरलो. शिपाई म्हणालेला, "पेटी जड लागतेय." मी म्हणालेलो, "काच असते ती, जडच असणार." म्हणजे लबाडी केली ती केली, वर पुरावा सहीशिक्क्यानिशी घरपोच पाठवला. तू पेटी उघडली असशील. सात बाटल्या, सातांवरही लाख शाबूत, सातही कागदांवर माझी आडवी सही.

तू कधीच काही बोलला नाहीस. फक्त त्या पावसाळ्यापासून दर सोमवारी बाटली माझ्या हातात देताना म्हणायला लागलास, "उघर हां."

मला वाटायचं, ही तुझी मस्करी. लोणच्यासारखी, हातभट्टीसारखी. मी पण मान डोलवून म्हणायचो, "उघडतो, मालक." अकरा वर्षं. मी त्यानंतर एकही बाटली चुकवली नाही, हे सांगून स्वतःची पाठ थोपटून घ्यावीशी वाटते. पण उघडणं हे तर माझं कामच होतं, त्यात पाठ कसली.

तुझ्या दहाव्यानंतर हिरावहिनी मला घरी घेऊन गेल्या. चहा दिला. तो मचूळ होता, मी पिऊन टाकला. मग त्यांनी जाळ्यांच्या मागून तुझ्या खाकी टोपीत गुंडाळलेली एक वस्तू काढली. बाटली. लाख काळी पडलेली, पण अखंड. कागद पिवळा, अक्षर माझं, सही माझी.

"सहा त्यांनी धुतल्यान. ही ठेवलीन," वहिनी म्हणाल्या. "मी बोललं, मोठ्या सायेबाला दाखवा. त नाय बोललं. बोललं, त्याची नोकरी जाल, पोरांचा मानूस हाय. त्याचा तो उघरल कदी तरी."

मी टोपीकडे पाहत होतो. मग वहिनींनीच विचारलं, "तो नवा पंप हितंच बसवनार ना?"

होय, दादा. ते तुला माहीत व्हायच्या आत तू गेलास. शहर वाढतंय, आपल्या पायरीपासून थोडं वर नवं पंपघर बसवायचा प्रस्ताव आहे. डोंबिवलीच्या नव्या वसाहतींना तिथून पाणी जाणार. प्रस्तावाच्या फायलीत एक ओळ आहे, मी स्वतः वाचली: कमी पावसाच्या वर्षीसुद्धा उन्हाळ्याअखेर येथील पाणी पिण्यास योग्य राहते, पाहा सत्त्याऐंशीची नोंद. म्हणजे माझे सात सोमवार. माझ्या घरी नवा टीव्ही आलेला म्हणून हजारो घरांच्या नळाला एक दिवस मावशी येणार. आणि तेव्हाचा पाऊस कसा असेल, कोणी सांगावं. तुझ्या हिशोबानं तर आता प्रत्येकच साल सत्त्याऐंशी आहे.

दुसऱ्या दिवशी बाटली मांडीवर घेऊन मी एस्टीत बसलो. पेटी नाही, पिशवी नाही, तुझ्या टोपीत गुंडाळलेली. शीळफाट्याला शेजारचा म्हणाला, "बाळ आहे की काय?" मी म्हटलं, "अकरा वर्षांचं." तो पुढच्या सीटवर जाऊन बसला.

तुला मी कधी दाखवलं नाही, ही तपासणी कशी असते. पाण्यात दोन थेंब टाकले की ते पिवळं होतं. मग वरून काचेच्या नळीतून थेंब थेंब औषध सोडायचं. मीठ संपलं की पिवळ्याचा विटकरी होतो. गोडं पाणी चटकन विटकरी होतं. त्या दिवशी नळी अर्धी झाली, पाणी पिवळंच. पाऊण झाली, पिवळंच. पुन्हा भरली. किती वेळ गेला कोण जाणे, तेव्हा कुठं एक विटकरी धागा पाण्यात उतरला. मी तीनदा केलं. मग थोडं उरलेलं जिभेला लावलं. लोणचं खाल्लेलं नव्हतं.

तुझा आणि माझ्या काचेच्या नळीचा निकाल एकच आला. तू तो आठवड्याला एक असा सात वेळा सांगितलेलास, फुकट, उपाशीपोटी.

मी नोंदवहीत त्या सात ओळींवर लाल रेघ मारली, शेजारी खरं काय झालं ते लिहिलं, सही केली. मग साहेबांना पत्र. आताचे साहेब नवे आहेत. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. "अकरा वर्षांपूर्वीची बाटली? तुम्ही शुद्धीवर आहात ना?"

"मीठ उडून जात नाही, साहेब. लाख शाबूत होती."

"हे वर गेलं तर तुमचं काय होईल, कळतंय?"

"कळतंय. ह्या सोमवारची बाटलीसुद्धा मचूळ आहे, कार्तिकात. चाखून बघा."

मी पुढं ठेवलेला पेला त्यांनी माझ्याकडे परत सरकवला. प्रस्तावाची फाइल मात्र कपाटातून काढून टेबलावर ठेवली. ती तिथून वर जाईल की परत कपाटात, मला माहीत नाही. मला एक मेमो मिळालाय. नमुन्याची बाटली विहित मुदतीत का उघडली नाही, याचा खुलासा सात दिवसांत करावा. आज पाचवा दिवस. खुलासा लिहायला बसलो आणि हे लिहून झालं. तुझी लेक सुनंदा हे वहिनींना वाचून दाखवेल. तिनं त्यांना सांगावं, विहिरीचं पाणी बिघडलेलं होतं, भात खरंच शिजत नव्हता, त्या खोटं बोलत नव्हत्या. हे त्या वैशाखात, सगळ्यांच्या देखत, मी सांगायला हवं होतं. तुला एकट्याला तरी सांगायला हवं होतं. तू विचारलेलंस, आणि वाट पाहिलीस.

काल सोमवार होता. तुझ्या जागी कल्याणहून बदली होऊन एक खलाशी आलेत, दोन वर्षांत निवृत्त व्हायचेत. त्यांनी होडी मधल्या धारेत नेली, बाटली भरली, लाख ओतली, माझ्या हातात दिली. मी सही केली आणि उभाच राहिलो.

"काय रायला काय, सायेब?" त्यांनी विचारलं.

"बाटली देताना तुम्ही मला एक म्हणायचं."

"काय म्हनाचा?"

"उघर हां."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, घाटाकडे पाहिलं, मदतीला कोणी आहे का ते बघितलं असावं. मग आपलं साहेबाच्या समाधानासाठी म्हणाले, "उघरा हां."

"अरेतुरे करा," मी म्हणालो. "आणि जरा दटावून."

"उघर हां."

"उघडतो, दादा," मी म्हणालो, आणि एस्टीच्या थांब्याकडे निघालो.